राज्यशक ६५ म्हणजे इसवी सन किती?

वसई-विरार पट्ट्यात जुनी वतनं, इनामं, देवस्थानांच्या सनदा यांचे मोडी कागद अजून काही घरांत जपून ठेवलेले आहेत. मोडी वाचणारा माणूस मिळाला की मजकूर उलगडतो. पण वर उल्लेख असतो तो राज्याभिषेक शकाचा म्हणजेच राज्यशकाचा, नाहीतर ‘तिसा सलासीन’ अशा शब्दांचा. त्याचं आजचं साल काढायला गणित शाळेतलंच लागतं. चुका होतात त्या वर्ष कधी बदलतं हे न पाहिल्यामुळे.

आधी मूळ कल्पना समजून घेऊ. राजा गादीवर बसला की वर्षं नव्याने मोजायची, ही पद्धत जपानमध्ये आजही सरकारी कागदांवर चालते. सम्राट हिरोहितो यांचा काळ ‘शोवा’, अकिहितो यांचा ‘हेइसेइ’, आणि १ मे २०१९ पासून नारुहितो यांचा ‘रेइवा’. १८६८ मध्ये मेइजी कालखंड सुरू झाला तेव्हा एका सम्राटाला एकच नाव असा नियम झाला. त्याआधी भूकंप, साथ किंवा एखादा शुभशकुन झाला तरी मधेच नाव बदलत असे.

आपल्याकडे ही कल्पना त्याहून जुनी आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात अशोक आपल्या अभिषेकाला दहा वर्षं झाल्याचं सांगून बोधिवृक्षाच्या यात्रेची नोंद करतो. नालासोपाऱ्याला रोज लोकलमधून उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल! शाळांनी मुलांना हे आवर्जून सांगायला हवं.

आता आपला कागद हातात घेऊ. पहिलं काम म्हणजे गणना कोणती ते ओळखणं. आकडा चार अंकी असून ‘शके’ एवढंच लिहिलं असेल तर तो शालिवाहन शक. त्यात ७८ मिळवा, आणि मिती जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर ७९.

‘राज्याभिषेक शके’ असं असून आकडा लहान असेल, तर तो शिवाजी महाराजांनी सुरू केलेला शक. रायगडावर शालिवाहन शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला महाराजांना अभिषेक झाला आणि त्या दिवसापासून राज्यशक १ धरला गेला.

बहुतेक चुका इथेच होतात. हे वर्ष पाडव्याला बदलत नाही आणि १ जानेवारीलाही नाही. ते ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतं. म्हणून त्या तिथीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला १६७३ मिळवायचे आणि जानेवारीपासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतच्या कागदाला १६७४.

वसईचंच उदाहरण घेऊ. चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगीजांनी किल्ला देण्याचा तह केला तो १६ मे १७३९ रोजी. महिना वैशाख होता, म्हणजे ज्येष्ठातली त्रयोदशी अजून यायची होती. त्यामुळे राज्यशक चालू होता ६५. सरसकट १६७३ मिळवले तर उत्तर १७३८ येतं, आणि तेव्हा किल्ला पोर्तुगीजांकडेच होता.

ताळा करायला संवत्सराचं नाव पाहा. संवत्सर म्हणजे प्रभव ते क्षय अशा साठ नावांच्या चक्रातलं एक वर्ष. शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागा. जी बाकी उरेल तो नावाचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. शके १६६१ मध्ये १२ मिळवले की १६७३, बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. संवत्सर पाडव्याला बदलतं आणि राज्यशक ज्येष्ठात. म्हणून राज्यशक ६५ मध्ये दोन नावं येतात. ‘कालयुक्त’ असेल तर कागद १७३९ च्या पाडव्याआधीचा, ‘सिद्धार्थी’ असेल तर त्यानंतरचा. नाव आणि आकडा जुळत नसेल तर मोडीतला आकडा पुन्हा वाचून घ्या.

पुढची गणना शुहूर सनाची. पेशवाईच्या कागदांत ती पदोपदी भेटते आणि आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेली असते. तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९. हे वर्ष सूर्य मृगात गेला की सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग ६००. वसईच्या तहाचं साल हेच, ११३९.

या सनासोबत मोहरम, सफर असे महिने दिसतात, त्यामुळे कित्येकजण तो हिजरी समजतात. हिजरी ११३९ म्हणजे १७२६-२७. हा घोळ झाला तर वसईची मोहीम सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीच आपण किल्ला घेतलेला दाखवू!

आता गादीवर कोण होतं ते ठरवायचं. जपानमध्ये ‘शोवा’ म्हटलं की हिरोहितो हे पक्कं, कारण राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. राज्यशक मात्र थांबला नाही. संभाजी महाराज, राजाराम महाराज, शाहू महाराज या सर्वांच्या काळात तोच आकडा पुढे चालत राहिला. महाराजांनी सुरू केलेलं काम एका आयुष्यापुरतं नव्हतं हे त्या न तुटलेल्या आकड्यात दिसतं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. म्हणून आकड्यावरून आधी साल काढा, मग त्या सालचा छत्रपती पाहा. १७३९ मध्ये साताऱ्याला शाहू महाराज होते. तेव्हा कोल्हापूरची गादीही वेगळी होती, म्हणून शिक्का जरूर वाचा. तेव्हाच्या पेशव्यांच्या शिक्क्यात आधी शाहू राजांचं नाव येतं.

शेवटी, आपली तारीख मुंबईकर इंग्रजांच्या कागदांशी ताडून पाहायची असेल तर एक काळजी घ्या. पोर्तुगीज नवी, म्हणजे आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरत. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर होते आणि त्यांचं वर्षही २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे आपला १६ मे त्यांच्या वहीत ५ मे असतो. राज्याभिषेकाची प्रसिद्ध ६ जून ही तारीखसुद्धा जुन्या पद्धतीची आहे. आजच्या दिनदर्शिकेने तो दिवस १६ जून १६७४ येतो.