साखर वाढण्याआधीची गोष्ट



गोकुळ रोडच्या या परिसरात शिकून बाहेर पडलेले आपल्यापैकी अनेकजण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. ‘माझी उपाशीपोटीची साखर ठीक आहे’ हे वाक्य अशा मेळाव्यात हमखास कानी पडते. ते खोटे नसते, परंतु अपुरे असते. ते अपुरे का, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

धारवाडचा पेढा खाल्ला की रक्तातील साखर वाढते, आणि स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. निरोगी माणसात त्यांचा पहिला झोत तत्काळ येतो व त्यामागून संथ प्रवाह सुरू राहतो. इन्सुलिनच्या आज्ञेने स्नायू साखर आत घेतात आणि यकृत आपली साखरनिर्मिती आवरते. वय, पोटाभोवतीची चरबी आणि बैठे जीवन यांमुळे ही आज्ञा बोथट होते. मग तेच काम करून घेण्यासाठी अधिक इन्सुलिन लागते.

विहिरीचे पाणी खोल गेले, तरी पाट वाहता राहावा म्हणून शेतकरी मोटेच्या खेपा वाढवतो. पाट पाहणाऱ्याला बैलांचे कष्ट दिसत नाहीत. बैल थकले म्हणजेच पाट आटतो. रक्तातील साखर हा तो पाट होय, आणि बीटा पेशी हे ते बैल.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बँटिंग व्याख्यानात डॉ. राल्फ डीफ्रॉन्झो यांनी हा प्रवास आलेखाने दाखवला. उपाशीपोटीची साखर ८० वरून १२० मिलिग्रॅमकडे चढत असता ग्लुकोज प्यायल्यानंतरचे इन्सुलिन वाढत जाते. साखर १४० च्या पुढे गेली की ते घसरू लागते. आलेखाचा आकार टेकडीसारखा आहे. म्हणून इन्सुलिनचा एकच आकडा चढणीवरही आढळतो आणि उतरणीवरही. त्याचा अर्थ मात्र निराळा असतो. उतरणीवरच्या माणसाचे इन्सुलिन ‘सर्वसाधारण’ दिसले, तरी त्याच्या वाढलेल्या गरजेच्या मानाने ते तोकडेच असते. शिवाय तो पहिला झोत फार आधीपासून मंदावलेला असतो. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासातून १९९५ साली असे पुढे आले, की मधुमेहाचे निदान होते त्या वेळी बीटा पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्मीच उरलेली असते.

आपल्या लोकांत याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. पण स्नायू कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून होती. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा बहुतेक सडपातळ होती. तरीही ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत साखर पचवण्याची शक्ती उणावलेली आढळली. अशा मुलांच्या बीटा पेशी वाढत्या गरजेला लहानपणापासूनच पुऱ्या पडत नव्हत्या. तेव्हा ‘मी बारीक आहे, मला कशाला मधुमेह’ हा दिलासा आपल्याकडे फारसा खरा ठरत नाही.

मग करावे काय? इन्सुलिन मोजत बसण्याचे कारण नाही. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे किंवा कंबरेचा घेर वाढला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करून घ्यावी. दोन तासांनंतरची साखर १४० च्या आत असल्यास ती सर्वसाधारण. १४० ते १९९ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था. २०० वा अधिक असल्यास मधुमेह. उपाशीपोटीचा आकडा निर्दोष असूनही कित्येकांची अडचण या दुसऱ्या आकड्यातच प्रथम प्रकट होते.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ आहारातील बदल व नियमित चालणे यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. खेपा कमी केल्या तर बैलांना विसावा मिळतो. तो विसावा ते थकून बसण्यापूर्वी द्यावा, एवढीच या व्याख्यानाची विनंती.