बोटीवर निजायचे तर

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक व सफोक परगण्यांत ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आणि नद्या आहेत. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे छोट्या मोटरबोटीतून हिंडतात, रात्री तिच्यातच निजतात. अशी पहिली बोट घेताना माणूस बिछाने मोजतो. पण आधी पाहायची ती हवा!

आता असे पाहा. पेट्रोलची वाफ आणि शेगडीचा गॅस हवेहून जड. गळती झाली की, विहिरीत वाईट हवा साचते तशी ती बोटीच्या तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरे! डिझेलची वाफ इतक्या सहजी पेटत नाही. म्हणून डिझेल इंजिन बरे.

दुसरा वैरी कार्बन मोनॉक्साइड. इंजिनाच्या व शेगडीच्या धुरातून तो येतो. त्याला ना रंग, ना वास. निजलेल्याला जागही येत नाही. म्हणून तिकडे २०१९ पासून निजायची सोय असलेल्या खासगी बोटींत त्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले.

आपल्याकडे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणी निजले, तर हाच वायू घात करतो. तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे सांगाच : बोट असो वा घर, झरोका आधी, बिछाना मग.