साधेपणाचा भार कोणाच्या खांद्यावर?

आम्ही डॉक्टर मंडळी एकत्र जमलो की गप्पांचा ओघ हमखास जुन्या दिवसांकडे वळतो. घरचे धान्य, परसातील भाजी, गोठ्यातील दूध! ज्यांची मुले बंगळूरला वा परदेशी स्थिरावली, ती मुलेही आता 'नोकरी पुरे, गावी शेत घेऊन राहू' असे म्हणू लागली आहेत. मीही या स्मरणरंजनात रमणारा. एकदा आईपुढे मी जात्याचे गुणगान केले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला ओव्या आठवतात, मला माझा खांदा आठवतो." माझ्यातील डॉक्टर निरुत्तर झाला.

धारवाड भागातील भरडधान्यांची कहाणी आईच्या या उत्तरात सामावली आहे. येथील सावी आणि नवणी, म्हणजे आपली वरी आणि राळे, ही कमी पावसात, हलक्या जमिनीतही येणारी पिके. मग ती ताटातून मागे का पडली? ज्वारी थेट दळता येते. या बारीक दाण्यांवर मात्र कठीण कवच असते. ते काढण्यासाठी उखळात कांडावे लागे आणि हे काम बायकांच्याच वाट्याला येई. पुढे रेशनवर सडलेला तांदूळ स्वस्तात मिळू लागला आणि मुसळ कोपऱ्यात गेले. त्याबद्दल त्या माउलींना दोष कसा द्यावा?

कुंदगोळ तालुका आपणांस सवाई गंधर्वांमुळे परिचित आहे. त्याच तालुक्यातील तीर्थ या गावी बीबी फातिमा स्वसहायता गटाच्या महिलांनी हीच अडचण ओळखली. त्यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभारली. शिवाय भरडधान्यावर प्रक्रिया करणारे केंद्र चालविले. मुसळाचे काम यंत्राकडे गेले, बियाणे मात्र गावाच्या हाती राहिले. या कार्यास २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार लाभला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून रुग्णही विचारतात, "डॉक्टर, नवणी खाल्ली की साखर उतरते ना?" कोंड्यासह खाल्लेल्या भरडधान्यात तंतुमय भाग चांगला असतो, हे खरे. पण अति पॉलिश केल्यास तो निघून जातो आणि पीठ फार बारीक दळल्यास साखर लवकर वाढते. शिवाय हेही पिष्टमय धान्यच; म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. भाताऐवजी ते घ्यावे, भातावर आणखी नव्हे. आणि औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने कधीही बदलू नये.

स्वावलंबनाची ओढ मला आजही आहे, पण आता तिचा अर्थ मी वेगळा लावतो. जुन्या घराचे स्वावलंबन पुष्कळ अंशी घरातील स्त्रियांच्या कष्टांवर उभे होते आणि त्याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. तीर्थच्या महिलांनी जुने बियाणे ठेवले, जुना भार ठेवला नाही. पुढच्या पिढीला सांगायचे ते एवढेच: बाळांनो, शेत जरूर घ्या, मात्र दळण-कांडण कोण करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.