बोरुतोचे बाबा आणि सेकंड शिफ्ट

लाडक्या मालिकेचा पुढचा भाग म्हणजे घरात आलेली धाकटी सून. तिने काहीही केलं तरी तुलना थोरलीशीच. आमटीला फोडणी जरा वेगळी बसली की लगेच, ‘मोठीच्या हाताची चव नाही हो!’ आमच्या घरात अशीच एक मालिका आली आणि चार दिवसांत नापास होऊन गेली. तिचं नाव ‘बोरुतो’.

मैत्रिणींनो, घरात शाळा-कॉलेजात जाणारं कुणी असेल तर ‘नारुतो’ हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेलच. जपानी कार्टून. मुलांच्या भाषेत अॅनिमे, कार्टून म्हटलं की त्यांना राग येतो. आपल्याला तरी ते कुठे नवं आहे? नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर आपण जो ‘मोगली’ डोळे लावून बघायचो, तोही जपानमध्येच तयार झालेला होता.

नारुतोची चित्रकथा मासाशी किशिमोतो यांनी १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं लिहिली, काढली. टीव्हीवर ती २००२ मध्ये आली आणि दोन पर्वं मिळून तब्बल ७२० भाग चालली. जन्माच्या दिवशीच आईवडील गमावलेलं, गावाने दूर लोटलेलं एक पोर. ते हट्टाने शिकतं, मित्र जोडतं आणि शेवटी गावाचा प्रमुख, म्हणजे ‘होकागे’ होतं. आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी हे ७२० भाग संपवले. पोळ्या लाटता लाटता निम्मेअर्धे मीही पाहिले.

मग आला ‘बोरुतो’. नारुतोच्या मुलाची गोष्ट. एप्रिल २०१७ ते मार्च २०२३ या काळात २९३ भाग. जगभरच्या नारुतोप्रेमींनी या मालिकेच्या नावाने बोटं मोडली. आमच्याकडेही दहाबारा भागांत निकाल लागला, “बकवास आहे, आई. बंद कर.”

“का रे?”

आरोपपत्र तयारच होतं. एक, गोष्ट पुढेच सरकत नाही. दोन, निन्जांच्या गावात आता रेल्वे, कॉम्प्युटर, व्हिडिओ गेम, मग निन्जा कसले? आणि तीन, “नारुतो कसा होता आणि त्याचं काय करून टाकलं! नुसता फायली बघत बसतो. घरी येतच नाही.”

हा तिसरा मुद्दा सांगताना त्याचा आवाज जरा चढला. मी गॅस बारीक केला.

आम्ही बोईसरला राहतो. इथलं निम्मं गाव घड्याळावर नाही, शिफ्टवर चालतं. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत आमचे हे प्लांटवर आहेत. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. गणपतीत सोसायटीच्या नाटकात लेकाचं पहिलंच मोठं काम होतं. बाबा फर्स्टला, तीनला सुटणार, नाटक सातला. पण रिलिव्हर आलाच नाही. चालू प्लांट सोडून निघता येत नाही, आपल्या जागी माणूस आल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नसतं. डबल ड्यूटी झाली. पुढच्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. लेक काही बोलला नाही. तेव्हापासून बाबांशी मात्र ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’ एवढंच.

म्हणून मी म्हटलं, “खटला भरलायस ना, मग तो नीट चालवू. दुसरी बाजूही ऐकू. दिवाळीच्या सुटीत पुन्हा बघायचा. मोबाइल बाजूला ठेवून. आणि नारुतोशी तुलना करायची नाही.” कुरकुर करत तयार झाला.

पहिल्या आरोपाचं कारण त्यानेच शोधून काढलं. ‘बोरुतो’ची मूळ चित्रकथा छापून यायची महिन्यातून एकदा आणि टीव्हीवर भाग हवा दर आठवड्याला. मग काय करणार? पाणी घालून आमटी वाढवायची. आपल्या रोजच्या मालिकांत एका कानशिलात मारण्यावर तीन दिवस निघतात, तसंच. शिवाय सुरुवातीला ही चित्रकथा किशिमोतो लिहीत नव्हते, २०२० च्या अखेरीस त्यांनी लेखन स्वतःकडे घेतलं. पण मालिकेतल्या दोन गोष्टी मुळात त्यांच्याच आहेत. एक, वडिलांच्या शोधात निघालेल्या सारादाची, ती १९ व्या भागापासून सुरू होते. दुसरी, ५३ व्या भागापासूनची. २०१५ च्या ‘बोरुतो’ चित्रपटाची पटकथा किशिमोतोंनी स्वतः लिहिली होती, तीच गोष्ट मालिकेत पुन्हा सविस्तर येते. आम्ही ठरवलं, निकाल द्यायचा तो या दोन गोष्टींवर. परीक्षकही गाण्याच्या स्पर्धेत खोकल्याला गुण देत नाहीत.

दुसऱ्या आरोपाला उत्तर दिलं सासूबाईंनी. त्या चिंचणीच्या. त्यांच्या लहानपणी या पट्ट्यात शेतं, वाड्या आणि कोळीवाडे. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग कारखाने आले, २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. “गावात रेल्वे आली म्हणून गाव खोटं होतं काय रे?” एवढंच म्हणाल्या आणि वाती वळत बसल्या. लेक गप्प.

तिसरा आरोप खरा कठीण. ५३ व्या भागात धाकट्या हिमावारीचा वाढदिवस आहे. बाबा चक्क केक घेऊन घरी आलेत. सगळे खूश. आणि अचानक फुस्स! बाबा गायब, केक जमिनीवर. कारण आलेले बाबा खरे नव्हतेच. नारुतोला स्वतःच्या प्रतिकृती करण्याची विद्या येते. स्वतः ऑफिसात कामाखाली दबलेला, म्हणून घरी प्रतिकृती पाठवली आणि दमल्यामुळे तीही टिकली नाही. बोरुतो संतापतो.

पहिल्यांदा पाहताना चिरंजीव इथपर्यंत पोहोचलेच नव्हते. आता पोहोचले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. नेमके त्या दिवशी हे सेकंड शिफ्टला जायच्या तयारीत, डबा घ्यायला दारात उभे. तेही थबकले. “अरेच्चा, ह्याला तरी रिलिव्हर पाठवता येतो,” म्हणाले. मग जरा थांबून, “पण बापाच्या जागी रिलिव्हर चालत नाही, नाही का?” आणि बॅग उचलून निघाले. बस चुकली असती.

पुढे मुलगा परीक्षेत बंदी असलेलं यंत्र वापरतो आणि बाप भर मैदानात त्याला बाद करतो. मग शत्रूचा हल्ला होतो आणि तोच बाप पोरांना वाचवताना पकडला जातो. बोरुतो बापाच्या खोलीत जातो. तिथे त्याचा जुना, फाटका जॅकेट सापडतो. तो अंगात घालून पोरगं बापाला सोडवायला निघतं. शेवटी मुलाच्या हातातल्या इवल्याशा ताकदीत बाप आपली ताकद मिसळतो. गंमत म्हणजे यानंतरही नारुतोचं काम कमी होत नाही. तो तेवढाच बिझी राहतो. फरक पडतो तो मुलाच्या नजरेत. मला हा शेवट प्रामाणिक वाटला. कंपन्या काही आपल्यासाठी शिफ्ट बदलत नाहीत.

आणि ज्याचं सगळं बालपण बापाविना गेलं, त्याने बाप कसं व्हायचं हे शिकावं कुणाकडून? ‘नारुतोचं काय करून टाकलं’ याचं उत्तर मूळ गोष्टीतच होतं.

आता निकाल. सगळे आरोप काही फेटाळले गेले नाहीत. पाणी घातलेले भाग आजही पाणचटच आहेत. माझंही एक कलम मी जोडलं. मूळ गोष्टीत जीव धोक्यात घालून लढलेली हिनाता इथे बहुतेक वेळ स्वयंपाकघरात का? बापाला वेळ नाही यावर एवढे भाग, पण एकटीने घर ओढणाऱ्या आईवर किती? हे वाचणाऱ्या कितीतरी जणींना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. साकुरा मात्र डॉक्टरकी करते, वर एकटीने मुलगी वाढवते. आणि तिची सारादा मोठी होऊन होकागे व्हायचं म्हणते. तेवढाच दिलासा.

“नारुतोएवढा नाही,” चिरंजीव म्हणाले, “पण पास.” पस्तीस नाही, चांगले साठ टक्के दिले.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मुलं एखादी गोष्ट ‘बकवास’ म्हणून बंद करतात, तेव्हा कधीकधी ती गोष्ट दुखऱ्या जागी लागलेली असते. जमलं तर एकदा शेजारी बसून पाहावं. मालिका आवडेलच असं नाही, पण काय दुखतंय ते कळतं.

आमच्याकडे नाइट शिफ्ट अजून आहे, रिलिव्हर अजून दांड्या मारतात. फक्त स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता दर महिन्याला बाबांच्या शिफ्टचं चक्र लिहिलेलं असतं, निळ्या पेनाने. एफ, एस, एन. सुटीच्या दिवसाभोवती गोल. अक्षर लेकाचं आहे.