परदेशप्रवास, उकिडवी बैठक आणि पुरीषवेग

जपानमधील काही जुन्या रेल्वे स्थानकांत आजही जमिनीलगतची ‘वाशिकी’ शौचकूपे आढळतात. भांड्याच्या एका टोकास उंचवट्याचा आडोसा असतो. त्याकडे तोंड करून उकिडवे बसावयाचे. आपल्या सवयीच्या हे नेमके उलट! कमोडला सरावलेले प्रवासी तर ते पाहून वेगच दाबतात, आणि आम्हांस चिंता वाटते ती याचीच. उकिडव्या बैठकीत गुदाभोवतीचा स्नायुपट्टा शिथिल होतो, मार्ग अधिक सरळ होतो, कुंथावे कमी लागते. उलट पुरीषवेगधारणाने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान, पोटऱ्यांत पेटके उद्भवतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणून जपानयात्रेस निघालेल्या रुग्णास औषधे देण्याआधी ही बैठक समजावून द्यावी. गुडघे वाकत नसतील, त्याने मात्र कमोडच शोधावा.