तिकिटावर सहा तास, विमानात साडेपंधरा! परदेशच्या प्रवासाचा हिशेब असा काढा

कराड : कराड, पाटण, वाळवा भागातली पोरं शिकायला, नोकरीला अमेरिका-इंग्लंडला गेलीत. लेकीच्या बाळंतपणाला आई-वडील निघाले की घरात पहिला प्रश्न असतो, किती लांब आहे आणि विमानात किती तास बसायचं? तिकीट बघितलं की गोंधळ आणखी वाढतो.

आधी अंतर. कराडहून मुंबई विमानतळ रस्त्याने 300 किलोमीटरच्या आसपास, पण सरळ मोजलं तर 240 च भरतं. विमानाला घाट-वळणं नाहीत, म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर सरळच धरतात. फक्त ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलं की फसतं. पृथ्वी गोल आहे, तिथं बांधाची साखळी चालत नाही.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. नकाशावरची रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. दोरा मात्र वर सरकतो आणि रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून उतरतो. नकाशावरच्या रेघेने गेलं तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने 12,500. लंडन तेवढं लांब नाही, 7,200 च्या आसपास.

वरच्या हवेत मोठं विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातं. 12,500 ला 900 ने भागलं की 14 तास येतात. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत सरकण्यात वेळ जातो. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना मागून ढकलतो. म्हणून जायला 15-16 तास आणि यायला तास-दीड तास कमी.

वाटही रोज तीच नसते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. अंतर तेच, तास वाढले.

आता तिकीट. त्यावर सुटायची वेळ इथली आणि पोचायची वेळ तिथली असते. समजा, विमान 15 जूनला पहाटे 2 ला मुंबईहून सुटलं आणि 15 लाच सकाळी 8 ला न्यूयॉर्कला पोचलं. दिसतात सहा तास. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं असतं. ते मिळवा, साडेपंधरा तास झाले. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा. लंडनला उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. येताना हाच फरक वजा करायचा.

खरा घोळ होतो तारखेत. 15 तारखेची पहाटे 2 म्हणजे 14 तारखेची रात्र. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे 14 ला रात्री 11 ला हजर पाहिजे. खंबाटकी, पुण्याची गर्दी, द्रुतगती मार्ग धरून सात तास लागतात, कुठं अडकलं तर जास्तच. म्हणजे 14 लाच दुपारी तीनच्या आत कराड सोडायचं. 15 ला दुपारी गाडी काढली तर विमान केव्हाच सुटलेलं असतं आणि लाखाच्या घरातलं तिकीट गेलेलं असतं. गाडी सांगताना ड्रायव्हरला नुसती तारीख सांगू नका, वार आणि रात्र कुठली तेही सांगा.