उपगूहनाच्या पुढची पायरी

चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे आटोपतात; एक ताट मात्र रात्री उशिरापर्यंत झाकलेले राहते. ‘बाहेरगावचे व्यापारी आले होते’, ‘माल उशिरा उतरला’ अशी कारणे आई शेजारी सांगते. बडीशेपेच्या आडून येणारा वास पत्नी ओळखते, पण बोलत नाही. गल्ल्यातील तफावत मुनीम आपणच जुळवून टाकतो. सर्वांना ठाऊक असते आणि सर्व जण गप्प असतात.

अनेक व्यापारी कुटुंबांत मद्याचा प्रश्न असा मौनातच वाढतो. सप्तव्यसनांची नावे पाठशाळेत बालपणीच पाठ झालेली असतात. मद्यत्याग हा तर श्रावकाच्या मूलगुणांतील एक. त्यामुळे घरातील कर्ता पुरुष पितो हे मान्य करणे म्हणजे कुळाला कलंक, मुलीच्या सोयरिकीत अडथळा आणि बाजारातील पत जाण्याची भीती. जो संस्कार मद्यापासून दूर ठेवतो, तोच पाऊल घसरल्यावर मदतीपासूनही दूर ठेवू लागतो. हे केवळ एका समाजाचे चित्र नव्हे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्याच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ व्यक्तींपैकी एकालाच काही उपचार मिळतात, असे त्यात आढळले.

व्यसन ओळखावे कसे? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन यूइंग यांचे चार साधे प्रश्न जगभर वापरले जातात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? पिण्याबद्दल कोणी बोलल्यास राग येतो का? त्याविषयी अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर, हात स्थिर होण्यासाठी किंवा उतारा म्हणून, घ्यावी लागते का? यांपैकी दोन उत्तरे ‘होय’ आली, तर डॉक्टरांचा सल्ला टाळू नये. पेढीवरही खुणा दिसतात: सकाळी धनादेशावर सही करताना थरथरणारा हात, वसुलीच्या नावाखाली वाढलेले दौरे, हिशेबात न बसणारी रोकड, दिलेल्या शब्दाचा विसर. किती पितो, यापेक्षा ठरवूनही थांबता येते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हे लक्षात आल्यावर घरचे बहुधा दोन उपाय करतात. दोन्ही प्रेमापोटी केलेले असतात, तरी त्यांत धोका आहे. पहिला उपाय म्हणजे महाराजांसमोर नियम देववून त्याच दिवसापासून पिणे पूर्ण बंद करणे. संकल्पाचे बळ मोठेच. परंतु रोज आणि दीर्घकाळ पिणाऱ्याचे शरीर मद्याला सरावलेले असते. ते अचानक तुटल्यास काही तासांतच कंप, घाम व अनिद्रा सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांना भेटावे, त्यांच्या देखरेखीखाली मद्य थांबवावे आणि नियम त्या उपचाराच्या जोडीने घ्यावा.

दुसरा उपाय म्हणजे दारू सोडवण्याची गोळी नकळत भाजीत किंवा चहात मिसळणे. डायसल्फिराम नावाचे हे औषध पोटात असताना मद्य घेतल्यास रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो, हृदयावर ताण पडतो. क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

योग्य मदत फार दूर नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ या शासकीय क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे निवासी उपचारांबरोबर कुटुंबीयांचेही समुपदेशन होते. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभांना शुल्क नसते आणि तेथे पूर्ण नाव सांगावे लागत नाही, ‘अल-अनॉन’ हे तसेच व्यासपीठ नातेवाइकांसाठी आहे. बभ्रा होईल ही भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे ध्यानात ठेवावे.

बोलण्याची वेळही निवडावी लागते. रात्री, नशेत असताना वाद घालून काही साधत नाही. सकाळी, मुले समोर नसताना, “अहो, काल रात्री तुम्ही गाडी चालवत आलात, मला फार भीती वाटली. आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ या,” एवढे शांत वाक्य शंभर दूषणांपेक्षा अधिक काम करते. पुढची मर्यादाही आखावी: त्याच्यासाठी खोटी कारणे सांगायची नाहीत, पिण्यापायी झालेली उधारी गुपचूप फेडायची नाही. हात उगारला जात असेल, तर मात्र पत्नीची व मुलांची सुरक्षितता सर्वांत आधी. उपचारानंतर पुन्हा पाऊल घसरले, तरी सारे फुकट गेले असे मानू नये. मधुमेहासारखा हा दीर्घकाळ सांभाळावयाचा आजार आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन, म्हणजे दुसऱ्याचे दोष झाकणे, सांगितले आहे. कुटुंबे त्याचाच आधार घेऊन गप्प राहतात. परंतु त्याच्या लगेच पुढचे अंग स्थितीकरणाचे आहे: ढळलेल्याला पुन्हा स्थिर करणे. चारचौघांत त्याची लाज राखावी, ते योग्यच. पण घराच्या आत आणि डॉक्टरांसमोर खरे बोलल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. ते झाकलेले ताट एके दिवशी सूर्यास्तापूर्वी सर्वांच्या पंगतीत मांडले जावे, यासाठी कोणीतरी एकाने पहिला शब्द उच्चारावा लागतो.